लडाखची जीप टूर : पैसे कुठे कुठे उकळले गेले

आमचा एजंट पैसे घेऊन पळाला नाही, हे आधीच सांगते. शेवटपर्यंत त्याने फोन उचलले, "ताई, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका" म्हणाला, रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचं गुड मॉर्निंग पाठवलं. आणि या गोडीगुलाबीत माणशी ३१,५०० रुपयांची टूर आम्हाला माणशी जवळजवळ ४५,००० रुपयांना पडली, तीही अर्धवट. आगाऊ रक्कम घेऊन दुकान बंद करणाऱ्यांबद्दल आता बहुतेकांना ठाऊक असतं. दुकान उघडं ठेवून, हसतमुखाने, टप्प्याटप्प्याने लुबाडणाऱ्यांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

आम्ही सहा जण : मी, नवरा, दीर, जाऊ आणि दोन्ही घरचं एकेक मूल. बेत असा होता : मनालीहून जीपने लेह, तिथून नुब्रा, पँगाँग, चुशूलवरून हानले, जमलं तर उमलिंग ला (ला म्हणजे खिंड), मग त्सो मोरिरी तलाव करून पुन्हा मनाली. हानलेचा हट्ट माझ्या मुलाचा. तिथे भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, २०२२ मध्ये तो परिसर काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि या पोराने वर्षभर खाऊचे पैसे साठवून दुर्बीण घेतली होती.

एजंट आमच्याच शहरातला, नाशिकचा. मुख्य रस्त्यावर ऑफिस, काचेचं दार, जीएसटीचं बिल. नवऱ्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब त्याच्यामार्फत केरळला जाऊन खूश होऊन आलं होतं. त्याने पाठवलेल्या पीडीएफमध्ये एचपी, म्हणजे हिमाचलच्या, पाटीच्या स्कॉर्पिओचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत "सर्व स्थळांसाठी हीच गाडी, हाच ड्रायव्हर". बाकी दोन ठिकाणांहून आलेले भाव ४४-४५ हजारांचे होते. ३१,५०० कसे परवडतात असं विचारलं तर म्हणाला, "ताई, आमचं थेट काम आहे. मधे कोणी नाही."

शेवटचा हप्ता भरताना "मिलिटरी परमिट" म्हणून माणशी २,५०० वेगळे मागितले. भारतीयांना इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जायचा परवाना, ऑगस्ट २०२१ पासून लागत नाही. आम्ही गेलो तेव्हा लागत होतं ते ४०० रुपये पर्यावरण शुल्क आणि वर काही किरकोळ रक्कम, जी लेहच्या स्वायत्त पर्वतीय विकास परिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही घरबसल्या भरता येत होती. त्याने आम्हाला त्याच पावत्यांचे प्रिंटआउट दिले, फक्त रकमेची ओळ कापून. मिलिटरी हा शब्द ऐकला की आपल्याकडे कोणी घासाघीस करत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मनाली ते लेह प्रवास मात्र उत्तम झाला. अटल बोगद्यामुळे रोहतांगचा घाट टळतो. जिस्पाला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी बारालाचा ला, सार्चू, तंगलंग ला करत अंधार पडता पडता लेहला पोचलो. ड्रायव्हर कुल्लूकडचा, मितभाषी, हात सुरेख बसलेला. हॉटेलच्या दारात सामान उतरवून तो म्हणाला, "मैडम, मेरा यहीं तक था." आम्हाला वाटलं, आजच्यापुरतं म्हणतोय. त्याला उद्या पहाटे दुसरी सवारी घेऊन मनालीला परतायचं होतं.

भानगड अशी आहे. बाहेरच्या राज्यात नोंदलेली टॅक्सी लेहपर्यंत प्रवासी आणू शकते, तिथून परत नेऊ शकते. पण नुब्रा, पँगाँग वगैरे फिरवायला तिला मनाई आहे. ते काम लडाखच्या टॅक्सींचं. युनियनची माणसं वाटेत गाडी थांबवतात आणि परगावची टॅक्सी किंवा भाड्याने आणलेली पांढऱ्या पाटीची खासगी गाडी सापडली तर पुढे सोडत नाहीत. मला स्वतःला हा नियम जाचक वाटत नाही. वर्षातून चार-पाच महिने हंगाम, त्यानंतर मनालीचा रस्ता बर्फाखाली. तिथल्या माणसाने कमवायचं तरी कधी? पण लडाखच्या टूर विकणाऱ्याला हा नियम माहीत नाही, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

रात्री नऊला एजंटला फोन लावला. दुसऱ्या राज्यांची प्रीपेड सिमं लडाखमध्ये चालत नाहीत, हेही त्याने सांगितलं नव्हतं, त्यामुळे सहा जणांत एकच फोन जिवंत होता : दिराचा, पोस्टपेड. "ताई, युनियनने यंदा अचानक कडक केलंय. ३८,००० फरक पडेल. आत्ता पाठवलेत तर सकाळी गाडी उभी करतो, नाहीतर नुब्रातल्या हुंदरचं बुकिंग वाया जाईल." लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. डोकं ठणकत होतं, मुलं कपड्यांसकट झोपली होती, पुढची सगळी बुकिंगं त्याच्या नावावर. पैसे पाठवले.

सकाळी नवरा आणि दीर टॅक्सी स्टँडवर जाऊन आले. तिथे युनियनचं छापील दरपत्रक असतं : मार्गानुसार ओळी, गाडीच्या प्रकारानुसार रकाने. आमच्या मार्गाची बेरीज मोबाइलवर केली तर ती चाळिशीच्या घरात गेली. म्हणजे ३१,५०० च्या हिशेबात लडाखमधली जीप पहिल्यापासून धरलेलीच नव्हती. भाव कमी दिसावा म्हणून टूरमधला सगळ्यात मोठा खर्च त्याने नाशिकमध्ये काढून ठेवला आणि लेहमध्ये मागितला. "अचानक कडक" वगैरे काही नाही, दरपत्रक दरवर्षी निघतं.

नवी गाडी एलए, म्हणजे लडाखच्या, पाटीची, पिवळी, रीतसर. ड्रायव्हर पन्नाशीचे, लडाखी. त्यांना सगळे अचोले, म्हणजे दादा, म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. खार्दुंग लाच्या पाटीवर उंची १८,३८० फूट लिहिलेली असायची, प्रत्यक्ष मोजमाप भरतं १७,५८२. इथे पाट्यासुद्धा थोडं चढवून सांगतात, असं जाऊ म्हणाली आणि आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा हसलो.

हसू हुंदरपर्यंत टिकलं. वाळूच्या टेकड्या, दोन वशिंडांचे उंट बघून कॅम्पवर आलो तर मालक दारातच वही घेऊन उभा. त्याच्याकडे फक्त नोंदणीचे हजार रुपये आले होते. उरलेले ९,६०० द्या, मग तंबू उघडतो. आमच्या हातातलं व्हाउचर बघून तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, या हंगामात असे कागद बरेच बघितलेत. व्हाउचरवर कॅम्पच्या नावापुढे बारीक अक्षरांत "किंवा तत्सम" होतं आणि खाली शिक्का होता दिल्लीच्या कुठल्याशा कंपनीचा, जिचं नाव आम्ही प्रथमच वाचत होतो.

फोनवर उत्तर तयारच होतं. "ताई, तुम्ही देऊन टाका, मी नाशिकला लगेच परत करतो. पावती घेऊन ठेवा." पावती घेतली. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान बांधून बाहेर आलो तर गाडीच्या टपावरची ताडपत्री बांधलेली नव्हती. अचोले बॉनेटला टेकून उभे. फार संकोचाने बोलले. त्यांना लेहमध्ये १२,००० मिळाले होते, तेवढ्यात नुब्रापर्यंतचं आणि परतीचं डिझेल-मजुरी भागते. पँगाँगला जायचं तर अजून १८,००० हवेत. "मेरे ऊपर का आदमी फोन नहीं उठा रहा." आमच्या ३८,००० चं काय झालं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग तिथेच, चहा घेत, त्यांनी साखळी उलगडली. नाशिकचा एजंट टूर दिल्लीच्या घाऊक कंपनीला देतो. ती मनालीच्या माणसाला. मनालीचा लेहच्या दलालाला. लेहचा दलाल युनियनमधल्या ज्याची गाडी मोकळी असेल त्याला. प्रत्येक जण आपला वाटा कापून उरलेलं पुढे सरकवतो, तेही जमेल तेव्हा, आणि शेवटच्या माणसाच्या हातात येते ती चिल्लर. त्या शेवटच्या माणसाला पैसे वसूल करायचा एकच मार्ग उरतो : प्रवासी गाडीत असताना थांबणं. अचोलेंवर राग काढण्यात काही अर्थ नव्हता. ते आमच्याइतकेच अडकले होते.

नाशिकहून अर्थातच तोच मंत्र आला : तुम्ही द्या, मी देतो. १८,००० आम्ही थेट अचोलेंना दिले आणि त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं. हुंदरहून लेहला परत जायचं तर पुन्हा खार्दुंग ला, आणि पँगाँग बघायचं राहून जाणार. आपण त्या जागी नाही म्हणू शकत नाही, आणि प्रत्येक मागणी नेमकी अशाच जागी होते. रात्री नऊला लेह, अंधारात कॅम्पचं दार, सकाळी बांधलेलं सामान. नाशिकच्या ऑफिसात खुर्चीवर बसून तो हे पैसे मागू शकला नसता.

श्योक नदीच्या काठाकाठाने पँगाँगला पोचलो. पँगाँगकाठच्या मेराकच्या मुक्कामी एजंटचा मेसेज आला : "चुशूलला आर्मीने रस्ता बंद केला आहे, हानले रद्द, सुरक्षितता महत्त्वाची." चीनची हद्द जवळ, असं खरंच होतं अधूनमधून, म्हणून शंका घ्यायला जागा नव्हती. पण त्याच संध्याकाळी बेळगावची चार मुलं बुलेटवरून आली, बुटांपासून हेल्मेटपर्यंत धुळीने पांढरी. कुठून आलात? हानले, लोमा, चुशूल करत. रस्ता? "रस्ता मोकळा आहे काकू, फक्त खराब आहे." मी अचोलेंकडे गेले. त्यांनी गाडीतून आपली ड्यूटी स्लिप काढून दाखवली : लेह, नुब्रा, पँगाँग, लेह. हानले नव्हतंच, त्सो मोरिरीही नव्हतं. "हानले का तो मेरे को बोला ही नहीं." त्या वाटेला डिझेलचे कॅन बरोबर घेऊन निघावं लागतं, ते त्यांनी घेतलेच नव्हते. मुलगा दुर्बीण काढून मेराकच्या आकाशाकडेच बघत बसला. त्याने काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

चांग लावरून लेह, आणि लेहहून एका शेअर गाडीत दाटीवाटीने मनाली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लडाखला निघालेल्यांसाठी इथे चार गोष्टी लिहून ठेवते. लेहपुढच्या गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन निघण्याआधी मागा. पाटी एलए नसेल, किंवा जेके असली तरी लेहची नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. एजंट म्हणेल, नंबर आदल्या दिवशी मिळतो. मग लडाखमधल्या गाडीचे पैसेही आदल्या दिवशी, ड्रायव्हरच्या हातात, असं सांगा. कॅम्पवाल्याला स्वतः फोन करून किती रक्कम जमा आहे ते विचारा. ते लोक सरळ सांगतात, त्यांनाही हा जाच नको असतो. गाडीत बसल्या बसल्या ड्यूटी स्लिप बघायला मागा. विमानाने लेहला उतरणार असाल आणि कार्यक्रमात दुसऱ्याच दिवशी खार्दुंग ला असेल, तर समजा की हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे वाचवायला तुमच्या फुप्फुसांशी खेळ चाललाय; पहिले दोन दिवस लेहमध्येच काढायचे असतात. आणि बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. महाराष्ट्राचे क्रमांक २७ ने सुरू होतात. आमच्या बिलावरचा ०७ ने, म्हणजे दिल्लीचा होता, आणि पोर्टलवर तो प्लायवूडच्या व्यापाऱ्याचा निघाला.

परत आल्यावर पोलिसांनी "हा दिवाणी वाद आहे" म्हणून अर्ज ठेवून घेतला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. तेव्हा तो जागा झाला : गूगलवरचं परीक्षण काढा, १५,००० देतो. आधी जमा करा म्हटलं, तर "ताई, विश्वास नाही का?" मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच दावा करता येतो, त्यामुळे दिल्लीच्या कंपनीलाही इथेच पक्षकार केलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस मिळतात, फार तर १५ वाढवून. त्याने वाढवून मागितले आहेत. जास्तीचे ८०,६०० आणि न दाखवलेल्या हानले-त्सो मोरिरीचा परतावा असा आमचा दावा आहे. सोबत यूपीआयच्या नोंदी, हुंदरची पावती, अचोलेंचा कागद, चुशूल बंद असल्याचा त्याचा मेसेज आणि त्याच दिवशीचा ड्यूटी स्लिपचा फोटो. वकीलबाई म्हणाल्या, बाकी सगळं ठीक आहे, पण हे शेवटचे दोन शेजारी शेजारी लावा.