आर्क्टिक पी१२ पंखे: वणीकडच्या उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्डला खरंच फरक पडते का

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात, खेड्यात. लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे, म्हणजे बाहेर पारा ४५ अन् आमच्या टिनाच्या खोलीत दुपारी ४२ असते, नेमकं तेव्हाच ग्राफिक्स कार्डाला सगळ्यात जास्त काम. कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, १२५ वॉटचं, जेवढी वीज खाते तेवढी सगळी उष्णता होऊन कॅबिनेटातच निघते. रेंडर लावला, म्हणजे एडिट केलेल्याची शेवटची फाइल बनवायला टाकली, का ८३-८४ डिग्री, मंग कार्ड आपोआप क्लॉक, म्हणजे आपला वेग, खाली पाडते अन् रात्री संपणारं काम सकाळवर जाते.

यूट्यूबवाले एसीत बसून टेस्ट करतात, ६५ डिग्री दाखवतात. भाऊ, ते आकडे इकडं चालत नाहीत. खोलीपेक्षा कार्ड किती वर आहे तेवढंच पाहा, कारण खोली ४२ असली तं कोणताही पंखा लावा, कार्ड ४२ च्या खाली येणारच नाही, मधलं अंतर तेवढं कमी होते.

तर पंखे. १२० मिलिमीटरचे, १८०० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला १८०० फेरे, फिरतात, पाचचा पॅक घेतला तं एक पंखा स्वस्तात पडते. नावात पीएसटी लिहिलेला मॉडेलच घ्या, त्याच्यात एका पंख्याची पिन दुसऱ्याला जोडता येते, माझ्या मदरबोर्डवर कॅबिनेटच्या पंख्याची पिन लावायची जागा (हेडर) एकच आहे तरी तिन्ही चालतात. दोन समोर, खालच्या बाजूनं, म्हणजे थंड हवा सरळ कार्डावर जाते, अन् एक मागं गरम हवा बाहेर फेकायला. आत येणारी हवा जास्त ठेवायची, मंग धूळ फटीफटीतून न शिरता समोरच्या जाळीतच अडकते. इकडं हे लय महत्त्वाचं आहे बाप्पा, हिवाळ्यात कापसाचे तंतू अन् वर्षभर कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ, दोन्ही मिळून हीटसिंकच्या, म्हणजे कार्डाची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या, पात्यांमधे नमदाच बनवतात. जाळी दर आठवड्याला झटकतो, कार्ड ब्लोअरनं साफ करतो, पण पंख्याची पाती बोटानं धरून, नाहीतर पंखा उलटा गरगर फिरून बेअरिंग जाते.

आता तेवढ्याच उन्हात, तोच रेंडर, ७५-७६. क्लॉक पडत नाही. आफ्टरबर्नर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधे पॉवर लिमिट, म्हणजे कार्डानं जास्तीत जास्त किती वीज खायची ते, ८५ टक्के केलं तं अजून ४-५ डिग्री उतरले, रेंडरला थोडाच जास्त वेळ लागते, अन् ही गोष्ट फुकट आहे.

कूलरचा झोत कॅबिनेटावर नका सोडू, खोली थंड करायला ठेवा, बोअरच्या खारट पाण्याचे बारीक थेंब उडतात अन् बोर्डावर पांढरे डाग धरतात.

माझे पंखे काळे आहेत, लाइट-बिट काही नाही, शोभेसाठी पाहिजे असतील तं असे घेऊ नका. अन् कॅबिनेट समोरून बंद काचेचा असेल तं पंख्याचे पैसे सध्या ठेवा, आधी जाळीचा कॅबिनेट घ्या, हवा आत येईल तेव्हा पंखा काही करेल.