दोन पावसाळे काढल्यावर: आमच्या शेतघराचा 22 महिन्यांचा हिशेब

घर बांधून झाल्या झाल्या लिहायला बसले असते तर खिडकीचं कौतुक लिहिलं असतं. पश्चिमेकडची, आठ फूट रुंद, सलग काचेची. नकाशात तिच्यासमोर दोन खुर्च्याही काढल्या होत्या. आज त्या खिडकीवर बाहेरून ताडपत्री आहे आणि जूनपासून ती एकदाही उघडलेली नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये, दिवाळी आटोपून, आम्ही दोघं डोंबिवलीहून दापोली तालुक्यात राहायला आलो. शनिवार-रविवारचं घर नाही, कायमचा मुक्काम. नवऱ्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि माझं हिशेब लिहिण्याचं काम कुठूनही होतं, निदान तेव्हा तसं वाटत होतं. बरेच जण विचारतात म्हणून, दोन पावसाळे बघून झाल्यावर, काय टिकलं आणि काय फसलं ते लिहिते आहे.

जमीन माझ्या नावावर आहे. त्यामागे नवऱ्याचं प्रेम नसून कूळकायदा आहे. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. माझं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलेलं होतं, त्याचं कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हतं. त्यावरून सासरी दोन दिवस शांतता होती, मग झालं सगळं सुरळीत. शेतघराच्या परवानगीला किमान 40 आर (साधारण 40 गुंठे) लागतात, त्यामुळे नदीकाठचा 30 गुंठ्यांचा देखणा तुकडा सोडला आणि वरच्या सड्यालगतची (सडा म्हणजे कातळाचं पठार) 44 गुंठे घेतली. गेल्या वर्षी नदीकाठच्या त्या तुकड्यात कमरेएवढं पाणी पाहिलं, तेव्हा हळहळ संपली. पैसे देण्याआधी सरकारी मोजणी मात्र नक्की करून घ्या. आमच्या मोजणीत शेजारचा गडगा (दगडी कुंपण) चार फूट आत आलेला निघाला. आम्ही तो हलवायला लावला नाही, पण कागदावर हद्द कुठे आहे हे दोन्ही घरांना आता माहीत आहे.

आता घर. साडेनऊशे चौरस फूट, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. जमीन आणि विहीर सोडून 26 लाख लागले. नकाशा शहरातल्या वास्तुविशारदाचा आणि बांधकाम गावातल्या गवंडीकाकांचं. दोघांचं एकमेकांशी एका शब्दाने पटलं नाही. काका तीन गोष्टींवर अडून बसले. जोतं दीड फुटाचं होतं ते अडीच फूट करा. वळचण तीन फूट बाहेर काढा. आणि मागे पडवी घाला, जी नकाशात नव्हतीच. "वहिनी, पावसात चूल कुठं मांडणार? लाकडं कुठं ठेवणार? ओले कपडे काय डोक्यावर वाळवणार?" मला वाटलं, काका काम वाढवताहेत. सव्वा लाख जास्त गेले, ते मी अगदी नाक मुरडून दिले.

घरातली सगळ्यात जास्त वापरात असलेली जागा कोणती असेल तर ती मागची पडवी. सकाळचा चहा तिथे, बंब तिथे, आंब्याची अढी तिथे, भाजी निवडणं तिथे. माझं हिशेबाचं टेबलसुद्धा तिथेच गेलं, कारण मोबाइलची रेंज पडवीच्या उजव्या खांबापाशी येते आणि बाकी घरात येत नाही. नकाशातली पुढची बैठकीची खोली पाहुणे आले की वापरतो.

वळचणीचं महत्त्व पहिल्या जुलैत कळलं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे मला ठाऊक होतं. तो आडवा पडतो हे ठाऊक नव्हतं, निदान एवढा आडवा! मी माहेरची कोकणातली असून विसरले होते. लहानपणी पावसाळ्याआधी पडवीला झड बांधायचे, माडाच्या झापांची. ते काम घरातल्या पुरुषांचं म्हणून कधी लक्ष दिलं नाही. पूर्व आणि दक्षिणेच्या भिंती वळचणीने वाचवल्या. पश्चिमेला मोठ्या खिडकीसाठी उजेड हवा म्हणून वळचण दीड फुटावर तोडली होती, आणि नेमकी तीच भिंत आतून हिरवी झाली. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर राहून टणक होतो, पण पाणी तो पितोच. त्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केला होता. ऑगस्टमध्ये गिलाव्याचे पोपडे पडायला लागले. ज्या माणसाने "दहा वर्षांची गॅरंटी" म्हणत बाहेरून रसायन मारलं होतं, त्याचा फोन सप्टेंबरपासून लागत नाही. बाकीच्या भिंती आतून उघड्या ठेवून नुसत्या दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरल्या होत्या. त्या ओलसर होतात, पण दिवाळीपर्यंत आपोआप वाळतात.

कौलांबद्दल मतं फार आहेत, माझंही आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी घरांची छपरं उडाली. नंतर अनेकांनी पत्रे घातले आणि जुनी कौलं पडून राहिली. आम्हाला सव्वादोन हजार जुनी कौलं स्वस्तात मिळाली, शिवाय दोनशे जास्तीची घेऊन ठेवली. वाळवीच्या भीतीने वासे-रिपा लाकडाऐवजी लोखंडाच्या केल्या आणि कडेच्या ओळी तारेने बांधल्या. उन्हाळ्यात घर खरंच गार राहतं. पण वानरांचा हिशेब कुणी सांगितला नव्हता. टोळी आली की एका सकाळी आठ-दहा कौलं फुटतात. दोनशेपैकी आता साठ उरलीत. नवरा शिडी लावून कौलं बदलायला शिकलाय आणि त्याचा त्याला बँकेतल्या बढतीपेक्षा जास्त अभिमान आहे. ज्यांना वर चढणं जमणार नाही, त्यांनी सरळ पत्रा घालून त्यावर कौलं बसवावीत. आवाज कमी, गळती नाही.

पाण्यावर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण पहिल्या वर्षी आमचं इथून परत जाणं जवळजवळ ठरलं होतं. विहीर 34 फूट, जांभ्यात खोदलेली. जानेवारीत काठोकाठ वाटली म्हणून चाळीस कलमांना आणि हौसेने लावलेल्या लॉनला (हो, लॉन!) पाणी सोडत राहिलो. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस पटकन मुरतो आणि तितक्याच पटकन उताराने निघून जातो. 2024 च्या एप्रिलअखेर विहिरीत घागर बुडेना. महिनाभर टँकर. लग्नाला 26 वर्षं झाली, पण भांडी घासण्याच्या पाण्यावरून आमचं पहिलं मोठं भांडण त्या मेमध्ये झालं. तो म्हणाला, बोअर मारू. शेजारच्या काकी म्हणाल्या, इथं तिघांच्या बोअर कोरड्या गेल्यात, पैशे मातीत घालू नका.

मग हिशेब मी मांडला, तेच माझं काम. आपल्या छपराचं आडवं क्षेत्र 130 चौरस मीटर. तीन मीटर पाऊस धरला तर वर्षाला जवळजवळ 4 लाख लिटर पाणी नुसतं छपरावर पडतं आणि पागोळ्यांतून वाहून जातं. दोघांना सगळं धरून रोज 300 लिटर पुरतं. त्या पावसाळ्याआधी पन्हाळी लावल्या, मागे जमिनीत 20 हजार लिटरची टाकी बांधली, पहिल्या आठवड्याचं पाणी सोडून मग टाकी भरली. लॉन मेलं ते मेलंच. कलमांच्या नव्या रोपांसाठी प्लास्टिकच्या कागदाचं अस्तर घातलेला खड्डा केला. कृषी विद्यापीठ दापोलीतच असल्यामुळे जलकुंडाची ही पद्धत इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. यंदा 15 एप्रिलपासून टाकीचं पाणी काढायला लागलो आणि पाऊस आला तेव्हा टाकी निम्मी भरलेली होती.

अर्थात यंदा पाऊसच फार लवकर आला. मेच्या 25-26 तारखेला मोसमी पाऊस कोकणात हजर. पावसाळ्याची बेगमी करायला जूनचा पहिला आठवडा धरून चाललेलो आम्ही उघड्यावर पकडले गेलो. लाकडं अंगणात, झड बांधायची बाकी, शेवटचे आंबे झाडावर, आमसुलं उन्हात. काकी, त्यांचा मुलगा आणि आम्ही दोघं, भर पावसात दीड तासात सगळं मागच्या पडवीत कोंबलं. लाकडं ओली राहिली ती गणपतीपर्यंत धूर काढत होती.

छोट्या गोष्टी झटपट. लाइट पावसात दोन-दोन दिवस जाते. इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या घ्या, एक पुरत नाही. इथे फुरसं हा विषारी साप आहे. रचून ठेवलेल्या चिऱ्यांच्या ढिगात हात घालायचा नाही, रात्री टॉर्चशिवाय आणि बुटांशिवाय बाहेर पडायचं नाही. डोंबिवलीहून माणगाव-आंबेत-मंडणगड मार्गे सहा तास धरा, मुलगी सात धरते. बागेतून पैसा मिळेल असं कुणी सांगितलं तर फवारणीचा खर्च विचारा; यंदा आमच्या आंब्याच्या 11 पेट्या झाल्या आणि खर्च जेमतेम निघाला.

करमतं का, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मला करमतं. नवऱ्याला पहिलं वर्षभर करमत नव्हतं आणि तो ते बोललाही नाही, नुसता दर पंधरवड्याला काहीतरी काम काढून डोंबिवलीला जायचा. आता महिन्यातून एकदा जातो आणि तिसऱ्या दिवशी फोन करून विचारतो, टाकीत पाणी किती आहे.

गवंडीकाका मागच्या आठवड्यात खिडकी बघून गेले. आठ फुटांची तीन फूट करायची, वळचण बाहेर ओढायची, उरलेल्या जागेत भिंत. एका शब्दाने "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत, फक्त मोजपट्टी गुंडाळताना हसले. दिवाळीनंतर काम धरू म्हणाले. चाळीस चिऱ्यांचा निरोप खाणीवर दिला आहे, आणि त्या दोन खुर्च्या आधीच मागच्या पडवीत आल्यात.