काकूंच्या टेबलावरून हललेला प्रिंटर

चिपळूणला आमचं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. मी, हिशेब बघणाऱ्या काकू आणि दोन मुली. एक जीएसटीचं बघते, दुसरी आयकराची रिटर्नं आणि टायपिंग. चार कॉम्प्युटर आणि एकच प्रिंटर. चार वर्षांहून जास्त काळ वापरल्यावर या प्रिंटरबद्दल लिहिते आहे. आमच्यासारख्या ऑफिसातून मला आजही फोन येतात, ‘ताई, एकच प्रिंटर सगळ्यांना कसा जोडायचा?’ म्हणून. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं.

प्रिंटर आहे ब्रदरचा एचएल-एल२३६१डीएन. काळ्या शाईचा लेझर, कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापणारा, मिनिटाला तीसेक पानं काढणारा. नावाच्या शेवटी जो ‘एन’ आहे, तो नेटवर्कचा. पाठीमागे यूएसबीच्या शेजारी लॅनचा, म्हणजे नेटवर्कची वायर लावायचा, पोर्ट आहे. त्या पोर्टासाठी मी साध्या मॉडेलपेक्षा तीन-चार हजार रुपये जास्त मोजले, आणि हे सगळं लिहिणं त्या पोर्टाबद्दलच आहे.

याच्या आधीचा आमचा प्रिंटर काकूंच्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला असायचा आणि तिथून बाकीच्या तिघींना शेअर केलेला. बहुतेक छोट्या ऑफिसात असंच असतं, कारण त्याला वेगळा खर्च नाही. पण त्यात होतं काय, तर प्रत्येक प्रिंट आधी काकूंच्या मशीनवर जाऊन रांगेत उभी राहते आणि तिथून प्रिंटरकडे जाते. काकूंचं मशीन बंद असलं की प्रिंटर नाही. ते झोपी गेलं की प्रिंटर नाही. त्यांनी टॅली बंद करून मशीन रिस्टार्ट केलं की पाच मिनिटं सगळ्याजणी थांबलेल्या. शिवाय प्रिंटर त्यांच्याच टेबलावर. दिवसभर कुणी ना कुणी त्यांच्या खांद्यावरून हात घालून कागद उचलतंय, आणि त्यांची बेरीज मोडतेय. काकू कधी बोलल्या नाहीत. पण महिनाअखेरीला त्या घरी उशिरा जायच्या, आणि तो उशीर कुठून येतो हे मला कळायला फार वेळ लागला.

एका महिन्याच्या २० तारखेला काकू रजेवर होत्या. सुनेचं बाळंतपण, त्या रत्नागिरीला हॉस्पिटलात. आमच्याकडे ३बी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. दहा हजारांपर्यंतचा कर बँकेच्या काउंटरवर रोख भरता येतो आणि आमचे बरेच छोटे दुकानदार तसाच भरतात. त्यांना चलनाचा कागद हातात लागतो. बँक बंद व्हायला दीड तास उरलेला, बाहेर चौघेजण बसलेले, आणि काकूंचं मशीन पासवर्ड मागतंय. मी फोन केला. त्या प्रसूतिगृहाच्या बाहेर उभ्या होत्या. मागून आवाज येत होते, आणि त्या मला एकेक अक्षर सांगत होत्या. पहिल्या वेळी चुकलं. त्यांनी परत सांगितलं. त्या दिवसाची मला अजूनही लाज वाटते. कागद छापण्यासाठी एका बाईला तिच्या घरच्या तशा प्रसंगातून बाहेर ओढायची वेळ येत असेल, तर ती जोडणी चुकीची आहे. हे तेव्हाच कळलं, पण बदल केला नाही. काम चालू होतं ना.

मग २२ जुलै २०२१चा पूर आला. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आमची तळमजल्याची जागा सगळी पाण्याखाली गेली. प्रिंटर, काकूंचं मशीन, फायली, सगळं गाळात. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. आम्ही वरच्या मजल्यावर एक खोली घेतली, आणि ओळखीच्या एका वकिलांनी त्यांचा जुना लेझर प्रिंटर वापरायला दिला. बारा-ए कार्ट्रिज लागतं तो, जो एकेकाळी प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे दिसायचा. त्या प्रिंटरचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण त्याला फक्त यूएसबी. म्हणजे परत काकूंचं नवं मशीन आणि परत शेअरिंग.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी तिन्ही मशीनवर प्रिंटर जोडायला नकार. शेवटी ११बी असलेला एरर. शोधल्यावर कळलं की विंडोजच्या छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागात, म्हणजे प्रिंट स्पूलरमध्ये, सुरक्षेचं मोठं भोक सापडलं होतं. ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने त्याची जगभर चर्चा झाली. जुलैपासून ते बुजवायचे अपडेट येत होते, आणि त्याच सुमारास स्पूलरसाठी लागू झालेल्या कडक तपासणीमुळे शेअर केलेले प्रिंटर ठिकठिकाणी तुटले. भोक बुजवणं गरजेचंच होतं. अनेकांनी यावर अपडेट काढून टाकायचा किंवा रजिस्ट्रीत एक आकडा बदलून ती तपासणी बंद करायची असा उपाय सांगितला. मी तो केला नाही. आमच्या मशीनवर लोकांचे पॅन, आधार, बँकेची पासबुकं आहेत. छपाई सोपी व्हावी म्हणून दार उघडं ठेवणं मला पटलं नाही.

मधे एक प्रयोग केला: प्रिंट सर्व्हरची डबी. एका बाजूला प्रिंटरची यूएसबी, दुसऱ्या बाजूला लॅनची वायर. कल्पना चांगली आहे, काही प्रिंटरना ती छान चालतेही. पण असे जुने स्वस्त लेझर पान तयार करायचं काम कॉम्प्युटरवर टाकतात आणि त्यांच्या ड्रायव्हरला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, प्रिंटरशी सतत दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं. आमच्याकडे पहिलं पान यायचं, दुसऱ्याला अडकायचं. आठवडाभर झगडून डबी परत केली. ती घेणार असाल, तर आपलं प्रिंटर मॉडेल तिच्या यादीत आहे का ते आधी बघा.

दिवाळीच्या आधी हा ब्रदर आणला. आता जोडणीबद्दल, कारण खरा घोळ इथेच होतो.

दुकानातून आलेल्या मुलाने लॅनची वायर राउटरला लावली, चारही मशीनवर ‘प्रिंटर जोडा’ म्हटलं, प्रिंटर सापडला, चाचणीचं पान आलं, आणि तो गेला. पंधरा मिनिटांचं काम. आठवड्याने लाइट गेली, तासाभराने आली, आणि चारही मशीनवर प्रिंटर ‘ऑफलाइन’. प्रिंटर समोर सुरू, दिवा हिरवा, आणि मशीन म्हणतंय तो नाहीच. मुलाला बोलावलं, त्याने काढून परत जोडला. पुढच्या वेळी लाइट गेली, पुन्हा तेच. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट किती जाते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

कारण असं: राउटर प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) देतो, आणि वीज जाऊन आली की हा पत्ता बदलू शकतो. आधी शेवटचा आकडा ७ होता, लाइट आल्यावर ११ झाला. कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर हाका मारत बसले. मी एका रविवारी बसून प्रिंटरला कायमचा पत्ता दिला: १९२.१६८.१.५०. राउटर आपोआप वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा पत्ता निवडायचा, नाहीतर तोच पत्ता एखाद्या मोबाइलला जाईल. प्रिंटरचा सध्याचा पत्ता त्याच्या सेटिंगचं पान छापलं की दिसतो. तो ब्राउझरमध्ये टाकला की प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं, आणि तिथेच हा बदल करता येतो.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. विंडोज आपणहून प्रिंटर शोधतं, तेव्हा बरेचदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टावर जोडतं. आमच्याकडे तो कारण नसताना ऑफलाइन दाखवायचा. म्हणून शोधू न देता, पत्ता हाताने टाकून, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून जोडायचा. ड्रायव्हर ब्रदरच्या साइटवरून उतरवलेला. त्या पोर्टाच्या सेटिंगमध्ये एसएनएमपीची, म्हणजे प्रिंटरला त्याची स्थिती विचारत राहायच्या सोयीची, एक खूण असते. एका मशीनवर प्रिंटर सुरू असूनही ऑफलाइन दिसत होता, ती खूण काढल्यावर थांबलं. एवढं चारही मशीनवर करायला दोन तास लागले. त्यानंतर लाइट शेकडो वेळा गेली असेल, ‘ऑफलाइन’ मी परत पाहिलेलं नाही.

एक सूचना कळकळीने करते. राउटर आणि स्विच (लॅनच्या वायरी एकत्र जोडायची डबी) यूपीएसवर ठेवा, लेझर प्रिंटर ठेवू नका. त्याच्या आतला फ्यूजर टोनर, म्हणजे शाईची पूड, कागदावर वितळवून बसवतो. तो तापताना एकदम इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस तेवढ्यात कोलमडतो, आणि त्यावरचे कॉम्प्युटरही बंद पडतात. आमच्याकडे जुन्या जागेत असं होऊन एकीचं भरत आणलेलं रिटर्न गेलं होतं.

छपाईबद्दल तक्रार नाही. अक्षरं स्वच्छ येतात, बारीक आकड्यांचे ताळेबंदही वाचता येतात. ट्रेमध्ये अडीचशे कागद बसतात, म्हणजे अर्धी रिम. करारपत्रांसाठी लीगल कागद लावता येतो. दोन्ही बाजूंनी छापायची सोय मी चारही मशीनवर मूळ सेटिंगमध्येच चालू ठेवली आहे. त्यामुळे रिम येण्याचं प्रमाण डोळ्यांना दिसण्याइतकं कमी झालं. बँकेला द्यायचं असेल तेव्हा एका बाजूने छापतो.

टोनर आणि तो कागदावर उतरवणारा ड्रम यात वेगळे असतात, हे नव्या माणसाला सांगायलाच हवं. टोनर टीएन-२३६५, कंपनीच्या हिशेबाने साधारण २६०० पानांचा. ड्रमचा हिशेब बारा हजारांचा. आमचं काउंटर आता ४८ हजारांच्या पुढे आहे, म्हणजे ड्रमचा खर्च टोनरच्या बरोबरीने आधीच धरून चालायचं. पानावर उभी काळी रेघ यायला लागली, तर लगेच ड्रम बदलायची घाई करू नका. ड्रमवर एक हिरवी कळ असते. ती डावीकडून उजवीकडे काही वेळा सरकवायची, म्हणजे आतली तार साफ होते, आणि परत खुणेच्या जागी आणून ठेवायची. जागेवर आणली नाही तर आणखी रेघा येतात. आमची टायपिंगवाली मुलगी हे आता स्वतः करते.

कागद अडकतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्यात प्रिंटरचा दोष नाही. इथली हवा इतकी ओली असते की उघडी रिम दोन दिवसांत मऊ पडते. दोन-दोन कागद एकदम ओढले जातात. आम्ही रिम प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि सकाळी लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये भरतो.

यात स्कॅनर नाही आणि वायफायही नाही. स्कॅनर आमच्याकडे वेगळा आहे. वायफाय नाही याचं मला वाईट वाटत नाही, वायर लावली की विसरून जाता येतं. आणि राउटरला वायफाय आहेच, त्यामुळे पक्षकार मोबाइलवर बिल पाठवतात ते ब्रदरच्या अ‍ॅपवरून थेट छापता येतं. तुमचा प्रिंटर राउटरपासून लांब असेल, तर त्याचीही काळजी नको. लॅनची वायर शंभर मीटरपर्यंत चालते. यूएसबी पाचेक मीटरच्या पुढे विश्वासाची राहत नाही, आणि त्यामुळेच तर प्रिंटर नेहमी कुणाच्या तरी टेबलाला चिकटून बसायचा.

आता तो खिडकीजवळच्या कपाटावर आहे, चौघींपासून सारख्या अंतरावर. त्यातून एक नवा प्रश्न मात्र आला. कागद बाहेर पडून तिथेच राहतात, आणि चौघींचे एकात एक मिसळतात. एकदा एका डॉक्टरांच्या उत्पन्नाचा तपशील दुसऱ्याच पक्षकाराच्या फाइलला लागला होता. दारातून बाहेर जायच्या आत मुलीच्या लक्षात आलं, म्हणून वाचलो. तेव्हापासून आमचा नियम आहे: प्रिंट द्यायची आणि उठायचं. खुर्चीत बसून ‘येतील नंतर’ नाही. बाहेरची माणसं बसतात ती खुर्चीही मी कपाटापासून दूर हलवली. ज्यांच्याकडे पगारपत्रकं छापली जातात, त्यांनी प्रिंटर दारापाशी किंवा बाकाशेजारी कधीच ठेवू नये.

प्रिंट अडकून रांग तुंबली, तर आता ती ज्या मशीनवरून दिली तिथेच तुंबते. बाकी तिघी छापत राहतात. तुंबलेल्या मशीनवर प्रिंट स्पूलर ही सर्व्हिस थांबवायची, स्पूलच्या फोल्डरमधल्या फायली पुसायच्या आणि ती परत सुरू करायची. हे मी एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे. त्याच्याखाली प्रिंटरचा पत्ता, आणि टोनर-ड्रम कधी बदलले त्या तारखा.

मागच्या मे महिन्यात काकू दहा दिवस रत्नागिरीला होत्या, नातवाच्या सुट्टीसाठी. त्यांचं मशीन बंद होतं, वर कापडही घातलेलं. त्या दहा दिवसांत ३बीची तारीखही येऊन गेली. चलनं छापली, माणसं बँकेत गेली. काकूंना ऑफिसातून एकही फोन गेला नाही.