निकॉन डी३५०० : अकरा महिने वापरून झाल्यावर लिहितेय

घेतल्या घेतल्या लिहिणार होते, बरं झालं नाही लिहिलं. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या आणि आता त्या खोडत बसावं लागलं असतं.

झालं असं की फोनवर माझे फोटो बरे यायचे, सगळे म्हणायचे तुला नजर आहे, एक चांगला कॅमेरा घेच. घेतला. सेकंडहँड, १८-५५ एमएमच्या किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबतच येते ती साधी झूम लेन्स). हे मॉडेल २०१८ चं, आता नवीन बनत नाही, त्यामुळे जे मिळतं ते कुणीतरी वापरलेलंच. घरी आणला, बॅटरी चार्ज केली, डायल ऑटोवर ठेवली आणि संध्याकाळी घरातच भाच्यावर ट्रायल घेतली. भाचा चार वर्षांचा, म्हणजे एका जागी थांबणं हा प्रकारच नाही. साठेक फोटो काढले त्यातले चार धड, बाकीच्यांत हात कुठे, डोकं कुठे, आणि काहींमध्ये तर भाचा धूसर आणि मागचा पडदा कसा, धागा न् धागा मोजून घ्या! त्याच वेळी वहिनीने फोनवर एक काढला होता, तो स्वच्छ, उजळ, एकदम तयार फोटो. दादाने दोन्ही बघितले आणि म्हणाला, "अगं मग हा एवढा डबा घेतलास कशाला?"

मला उत्तर देता येईना. खरं सांगायचं तर पुढचे दोन महिने तरी देता आलं नाही.

आता कळतं की फोन आपल्या मागे बरंच काम करून ठेवतो. एकदा बटण दाबलं तरी तो पटापट अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, सावल्या उजळतो, दाणे (कमी उजेडात फोटोवर येणारे बारीक ठिपके) पुसतो आणि मग आपल्याला दाखवतो. हा कॅमेरा एवढं काही करत नाही. एक आरसा वर जातो, शटर उघडतं, बंद होतं, तेवढ्या वेळात जेवढा उजेड आत आला तेवढा तुमचा. उजेड कमी असेल तर फोटोत ते दिसणारच. त्या दिवशीच्या फोटोंची माहिती नंतर उघडून बघितली तर ५५ वर झूम, अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, आकडा मोठा तेवढं भोक लहान) एफ ५.६ आणि शटर १/३०. आता १/३० सेकंदात उड्या मारणारं पोर कुठल्या कुठे जातं! लेन्सवर व्हीआर लिहिलंय म्हणून मी निर्धास्त होते, पण व्हीआर आपला हात हलतो तेवढंच सांभाळतं, समोरच्याचं हलणं त्याच्या हातात नाही. हे एक वाक्य मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर पुष्कळ मनस्ताप वाचला असता.

मग दोन सेटिंग बदलल्या आणि अक्षरशः कॅमेरा बदलल्यासारखं झालं. पहिली, मेनूत आयएसओच्या (आलेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून दाखवायचा तो आकडा) आत ऑटो आयएसओ चालू करून कमाल ६४०० आणि किमान शटर १/२५० ठेवलं. आता डायल ए वर ठेवते, अपर्चर मी ठरवते, शटर १/२५० च्या खाली जायला लागलं की कॅमेरा स्वतःच आयएसओ चढवतो (६४०० ला पोचला आणि तरी उजेड पुरला नाही तर मग शटर खाली येतंच, तिथे जादू नाही). दुसरी सेटिंग फोकसची. ऑटोवर असताना फोकस कुठे करायचा ते तोच ठरवतो आणि बहुतेक वेळा जे जवळ किंवा जे ठळक असेल ते धरतो, म्हणून पडदा, खुर्चीची पाठ, कुणाचा तरी पुढे आलेला हात. सिंगल पॉइंट केलं आणि तो पॉइंट अंगठ्याने डोळ्यावर नेऊन ठेवायची सवय लावून घेतली. पॉइंट मोजून ११ आहेत, तेही मधोमध गोळा झालेले, कडेच्या माणसापर्यंत पोचत नाहीत. आणि मधला एकटाच क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा), कमी उजेडात त्याच्यावरच भरवसा ठेवायचा. पळणाऱ्या पोरासाठी एएफ-सी, म्हणजे हलणाऱ्याच्या मागे फोकस सतत फिरवत ठेवणारा मोड. एवढं केल्यावर साठातले चाळीस धड यायला लागले. आज दादा स्वतःच म्हणतो, डबा घेऊन ये.

धरायला कॅमेरा फार छान आहे. बॅटरी आणि कार्ड धरून बॉडी ४१५ ग्रॅम, किट लेन्स २०५, म्हणजे सगळं मिळून सव्वासहाशेच्या आतबाहेर. ग्रिप खोल आहे, चार बोटं नीट बसतात, एका हातात तासभर लटकवून फिरले तरी मनगट दुखत नाही. मला वाटतं अकरा महिने मी हा वापरत राहिले त्याचं निम्मं कारण हेच असेल, कारण माझ्या मैत्रिणीकडे याच्यापेक्षा दोन पायऱ्या वरचा कॅमेरा आहे आणि तो कायम कपाटात असतो, काढायचं म्हटलं की तिला आधी बॅगच आठवते.

बॅटरीबद्दल तर बोलायलाच नको. एका चार्जमध्ये १५५० फोटो असा अधिकृत आकडा आहे. आधी मला ती जाहिरातबाजी वाटली होती, पण त्या मोजणीच्या पद्धतीत निम्मे फोटो फ्लॅश उडवून काढतात, त्यामुळे फ्लॅश न वापरणाऱ्याला आणखीच जास्त मिळतात. मी तीन दिवसांच्या ट्रिपला चार्जर घरीच विसरले होते (मी आणि माझी पॅकिंग, जाऊ दे), साधारण नऊशे फोटो झाले आणि परत येईपर्यंत बॅटरी शिल्लक. मात्र हे व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काढले तरच. मागच्या स्क्रीनवर बघत काढायला लागलात की बॅटरी भराभर उतरते, शिवाय तिकडे फोकसची पद्धतच वेगळी आहे, आरसा वर गेला की त्याच्याखालचा फोकसचा सेन्सर कामाचा राहत नाही आणि मग तो मागेपुढे चाचपडत बसतो. स्क्रीन पक्की आहे, वळत नाही, टच पण नाही. फोनच्या सवयीने महिनाभर मी स्क्रीनवर बोट आपटत होते.

व्ह्यूफाइंडरची एक गंमत. त्यातून जे दिसतं ते फोटोत येणाऱ्या भागाच्या ९५ टक्केच. म्हणजे तुम्ही मस्त चौकट बांधली, कडेचा खांब बरोबर बाहेर ठेवला, आणि घरी येऊन बघता तर खांब आत! आधी मला वाटायचं माझाच हात हलतो. आता कडेला थोडं सैल सोडते आणि नंतर कापते, २४ मेगापिक्सेल आहेत, कापायला भरपूर जागा असते.

किट लेन्सला लोक उगाच नावं ठेवतात. दिवसाउजेडी एफ ८ वर ती इतकी धारदार आहे की मला तरी तक्रारीला जागा दिसली नाही. फोकस आवाज न करता आणि झटकन होतो. एक खोड मात्र आहे, ती घडी करून ठेवायची लेन्स आहे, आधी बाजूचं बटण दाबून रिंग फिरवून उघडायची मगच फोटो निघतो. मांजर जांभई देत होतं, मी कॅमेरा उचलला, बटण दाबलं, स्क्रीनवर सूचना आली की रिंग फिरवा. तोवर जांभई संपून मांजर अंग चाटायला पण लागलं होतं. आता घराबाहेर पडले की लेन्स उघडूनच ठेवते.

पण घरातल्या उजेडासाठी ३५ एमएम एफ १.८ घ्या. हे मी हात जोडून सांगतेय. चौथ्या महिन्यात घेतली, तीही वापरलेलीच, आणि त्यानंतर किट लेन्स आठवड्यातून एखाद्या वेळीच लागते. ५.६ आणि १.८ हे आकडे बघून काही कळत नाही, पण हिशोब केला तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दहापट! जिथे आयएसओ ६४०० लागायचा तिथे ६४० ला काम होतं. या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर (ज्यावर फोटो उमटतो तो भाग) ती लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या साधारण ५० एमएमसारखी दिसते, म्हणजे खोलीत दोन पावलं मागे सरकलं की एक माणूस कमरेपर्यंत नीट बसतो. सुरुवातीला मी सगळं १.८ वरच काढायचे, बॅकग्राउंड ब्लरचं नवं नवं वेड, आणि मग आईचा एक फार सुंदर फोटो निघाला, खिडकीशी बसलेली, चष्मा कपाळावर, मोठा करून बघते तर उजवा डोळा धारदार आणि डावा विरघळलेला. जवळून १.८ वर एवढीच पट्टी फोकसमध्ये राहते. आता चेहऱ्याला २.८. तो फोटो तरी मी प्रिंट केला, आईला डाव्या डोळ्याचं काही वाटलं नाही, तिला साडीचा रंग बरोबर आलाय याचाच आनंद.

जुन्या लेन्स घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. या बॉडीत फोकसची मोटर नाही. ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे त्याच ऑटोफोकस करतात, म्हणजे ५० एमएम १.८ मधली 'जी' (G) वाली चालेल, 'डी' (D) वाली लावता येईल पण फोकस हाताने फिरवत बसावा लागेल. दोघींची नावं जवळजवळ सारखी, फरक एका अक्षराचा. मी डी वालीवर पैसे टाकणारच होते, शेवटच्या क्षणी एका मित्राने अडवलं.

रॉ मध्ये (कॅमेऱ्याने न सजवलेली कच्ची फाइल) काढा असं सगळे सांगतात, मीही पहिल्या दिवसापासून काढायला लागले आणि सातशे फाइली साचल्यावर रडायची वेळ आली, कारण एकेक उघडून रंग-उजेड लावायला बसणार कोण? आता रोजचे फोटो जेपेग, आणि समोर सूर्यास्त किंवा अर्धं ऊन-अर्धी सावली असेल तेव्हाच रॉ. तिथे फरक पडतो. आयएसओ १०० ला काढलेल्या रॉ मधली काळीकुट्ट सावली उचलून बघा, आत पानं, दगड, सगळं असतं. आयएसओ १६०० पर्यंत मी विचारच करत नाही, ३२०० चालतं, ६४०० ला दाणे दिसतात पण हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो कधीही बरा.

पुढे जाऊन जाणवणाऱ्या गोष्टी: फिरवायची चकती एकच आहे, त्यामुळे एम मोडमध्ये (अपर्चर, शटर सगळं आपणच ठरवायचं) अपर्चर बदलायला दुसरं बटण दाबून धरावं लागतं, बोटांची कसरत. बाहेरचा माइक लावायला जागा नाही, व्हिडिओच मुख्य असेल तर हा कॅमेरा घेऊच नका, पुढे वाचूही नका. वायफाय नाही, ब्लूटूथने फोनवर २ मेगापिक्सेलचे छोटे फोटो जातात, कुणाला पाठवायला पुरे. वरचा छोटा फ्लॅश जवळच्या माणसापुरता, आणि लेन्सला हूड (पुढे लावायचं, बाजूचं ऊन अडवणारं कडं) लावून उडवलात तर फोटोच्या खाली अर्धगोल काळी सावली पडते, वाढदिवसाचे अख्खे फोटो मी असे घालवलेत.

आता माझा मूर्खपणा. सहाव्या महिन्यात आकाशाच्या फोटोत वर डाव्या कोपऱ्यात एक करडा ठिपका दिसायला लागला, प्रत्येक फोटोत त्याच जागी. लेन्स काढली, आत एक कण दिसला आणि मी काय करावं? तोंडाने फुंकर मारली. थुंकीचा बारीक थेंब सरळ आरशावर! पोटात गोळा आला. नशीब की सेन्सर आरशाच्या आणि शटरच्या मागे असतो, त्यामुळे थोडक्यात निभावलं, आणि जो कण मला दिसत होता त्याचा फोटोतल्या ठिपक्याशी संबंधच नव्हता. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी धूळ फोटोत येत नाही, फोटोत येते ती सेन्सरवरची. मग रबरी ब्लोअर आणला, बॅटरी पूर्ण चार्ज करून मेनूतून साफसफाईसाठी आरसा वर लॉक केला, कॅमेरा उलटा धरून खालून चार फुंका मारल्या, ठिपका गेला.

याच्यावरून एक सांगते, वापरलेला घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच अपर्चर एफ १६ ला ठेवा, फोकस मॅन्युअल करून बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरची घाण लगेच दिसते. मी हे केलं नव्हतं. शटर किती वेळा उडालंय तो आकडा कॅमेऱ्यातून थेट निघालेल्या फोटोच्या फाइलमध्ये असतो, तो वाचून घ्या, तोंडी आकड्यावर जाऊ नका. मला "चारपाच हजार" सांगितलं होतं, निघाले अठरा हजार. चालू आहे म्हणून मी गप्प बसले, तुम्ही बसू नका. फ्लॅश उडवून बघा, कार्डचं झाकण घट्ट बसतं का बघा, झूमची रिंग पूर्ण फिरवून कुठे अडकते का ते बघा. आणि पुढची लेन्स कॅप सोबत आहे का ते आधी विचारा. माझी आत्तापर्यंत दोनदा हरवून झालीये, तिसरी दोऱ्याने बांधलीये.