ठुशी की पायताण? घरातनं धंदा काढायचा तर

गेल्या महिनाभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. घरातून काहीतरी सुरू करायचंय, हातात लाखाच्या आतबाहेर रक्कम आहे, आणि ज्याला कोल्हापूरचं नाव लागतं असंच काहीतरी हवंय. मग ठुशी-साजाचं ओवणीकाम बरं की चपलांचं?

आम्ही नवरा-बायकोने दोन्ही करून बघितलंय. चपला दीड वर्ष केल्या, ठुशी-साजाचं आता चौथं वर्ष चालू आहे. यावरून निकाल काय लागला हे तुम्ही ओळखलं असेल, पण तो आमच्या घरापुरता धरा. आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गॅलरी चार फुटांची. तुमचं घर रस्त्यालगत तळमजल्यावर असेल तर पुढचं निम्मं उलटं वाचलं तरी चालेल.

चपलेत एका नगामागे सुटणारा पैसा जास्त, यात वाद नाही. चार ठुश्या विकून जे मिळतं ते एका बऱ्या कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) जोडात मिळायचं. शिवाय नाव आधीच गाजलेलं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आहेतच, पण बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहेत. आपल्याकडे हे सांगितलं की लोक जरा नाक मुरडतात. पुढे २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपलं नाव न घेता आपल्यासारखीच पायताणं चालवली आणि केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही चपला सोडून तेव्हा बराच काळ झाला होता, तरी माझ्या जुन्या नंबरवर आठवडाभर चौकशा येत होत्या. ठुशीसाठी असे फोन कधीच आले नाहीत.

सरकारी मदतीतही चपलेचं पारडं जड आहे. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या अठरा व्यवसायांत पादत्राणं करणारे आहेत, सोनारही आहेत. पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने. मात्र स्वतःच्या हाताने काम करणारा कारागीर हवा, आणि मणी ओवणं म्हणजे सोनारकाम नव्हे. उद्यम नोंदणी दोन्हींना सारखीच, आधारवर होते आणि फुकट होते. तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर त्याला चहा पाजून परत पाठवा. जीएसटीचं एकदा कर सल्लागाराला विचारून घ्या, विशेषतः माल राज्याबाहेर पाठवणार असाल तर.

आमची कामाची पद्धत अशी होती. कागलकडचे एक मामा तळ करून द्यायचे. म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, शिवण चामड्याच्या वादीची, खिळा कुठेच नाही. वेणी विणणं, गोंडे करणं, पट्ट्यावर पोगर मारून नक्षी काढणं ही कामं घरी. मामांचा हात इतका साफ की तळाच्या बाजूचे कान बसवताना आरी एकदाच टोचायचे, दुसऱ्यांदा कधी बघितलं नाही. माल उत्तम होता. मालाची तक्रार दीड वर्षात कोणी केली नाही.

तक्रार असायची ती नंबराची.

पुण्याच्या एका ताईंना नवऱ्यासाठी कापशी हवी होती. मी पायाचं माप मागितलं. त्यांनी वर्तमानपत्रावर नवऱ्याचा पाय ठेवून पेनाने कड काढली आणि व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. पाय छान आला होता. पण तो नऊ इंचाचा की अकरा, हे फोटोवरून कसं कळणार? शेजारी पट्टी ठेवून परत काढा म्हटलं. घरात पट्टी नव्हती, त्यांनी टीव्हीचा रिमोट ठेवला. मी आमचा रिमोट मोजून त्यावरून हिशेब केला, आता हसू येतं. नऊ नंबर पाठवला, तो आठव्या दिवशी परत: "अंगठ्यात चावतेय, काका." दहा पाठवला, तोही परत: मागून टाच निसटते. दोन्ही वेळचं जाण्यायेण्याचं पार्सल माझ्या खिशातून गेलं, कारण ताई बोलायला गोड होत्या आणि मी नवा होतो.

खरं तर नऊ नंबरच बरोबर होता. कोल्हापुरी पहिल्यांदा घट्टच लागते, चार दिवस घातली, थोडं तेल लावलं की पायाची होते. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, दुकानदार गिऱ्हाइकाचा पाय आत असताना, स्वतः वाकून पट्टा दाबून बघत सांगतो, "घट्टच घ्या, सैल हुतीया," आणि माणूस डोळे झाकून घेतो. तेच वाक्य मी फोनवर बोललो की पळवाट वाटायची. दीड वर्षात मी ते वाक्य नाना तऱ्हांनी बोलून बघितलं, व्हिडिओ करून पाठवले, एकदा स्वतःच्या पायात घालून दाखवलं. समोर पाय नसेल तर ते पटत नाही, एवढंच मला समजलं.

बरं, परत आलेला जोड नवा म्हणून विकायची सोय नाही. असं कमावलेलं कातडं पाय ओळखतं. कोणी घरात दोन तास घालून फिरलं तरी टाचेचा आणि अंगठ्याचा ठसा उठतो. आणि एका डिझाइनचे सहा नंबर, दोन रंग धरले की बारा जोड झाले. त्यातले सात-आठ नंबरचे पहिल्या आठवड्यात जातात, बाकीचे कपाटात तुमच्याकडे बघत बसतात. रक्कम अडकते ती इथे.

आता ठुशी. तिच्या मागे रेशमी दोरी असते, दोरीवर सरकता गोंडा. खाली ओढला की सैल, वर सारला की गळ्याला भिडली. बारीक अंगाच्या कॉलेजच्या पोरीला तीच बसते आणि तिच्या आजीलाही तीच. गेल्या साडेतीन वर्षांत "बसत नाही" म्हणून एकही ठुशी परत आलेली नाही. मला वाटतं, माझ्यासाठी निवड त्या गोंड्यानेच केली. कोणी म्हणेल एवढ्यावर धंदा बदलतात का? आम्ही बदलला.

काम दिसतं तितकं सोपं नाही हेही सांगतो. मणी एका मापाचे निवडायचे, रांगा अशा बसवायच्या की मधली फट दिसू नये, आणि दोरा ताणायचा पण इतकाच की ठुशी वाकताना कडक होऊ नये. ही पहिले दोन महिने एका पटवेकऱ्यांकडे (दागिने दोऱ्यात ओवणाऱ्यांकडे) गाठवायला शिकायला जात होती, तेव्हा कुठे शेवटची गाठ मण्याआड लपायला लागली. साजाचं आणखी निराळं. पारंपरिक साजाची एकवीस पानं सांगतात: दशावताराची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक-पाचूची दोन आणि एक ताईत. बाजारात कमी पानांचे खपतात, आम्हीही करतो. पण एकदा भुदरगडच्या एका मावशींनी आमच्या सोफ्यावर बसून, बोटाने पान न पान मोजून, "हे काय, माझं कासव कुठाय?" असं विचारलं होतं. तेव्हापासून किती पानांचा साज आहे हे आधीच सांगतो.

ठुशीची खोड पॉलिशमध्ये आहे. घाम, अत्तर, देवघरातला धूप, सगळ्याने ती काळवंडते. आम्ही वर्षभरात आणून दिली तर मण्यांच्या खर्चात परत गाठवून देतो; त्यात फायदा शून्य, पण बाई पुढच्या वेळी जाऊबाईंना घेऊन येते. दुसरी कटकट घासाघीस. "महाद्वार रोडला दीडशेला मिळते की" हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकायची तयारी ठेवा. आणि नक्कल. नवीन डिझाइनचा फोटो टाकला की पंधरा दिवसांत तोच दुसऱ्याच्या स्टेटसवर दिसतो. चपलेत हा त्रास कमी होता. शिवाय डोळे. चपलांचे नंबर सुटले, पण हिच्या चष्म्याचा नंबर वाढला.

पावसाळ्याचं फार लिहीत नाही, कोल्हापुरात राहणाऱ्याला काय सांगायचं. जून ते सप्टेंबर कोणी कातडी पायताण घेत नाही, आणि घरात ठेवलेल्या मालावर पांढरी बुरशी येते, ती पुसायला रोज तासभर जातो. नेमक्या त्याच दिवसांत गौरी-गणपती येतात. आमचे साज सगळ्यात जास्त जातात ते गौरींच्या गळ्यात, आणि देवीसाठी घेताना घासाघीसही जरा कमी होते. नंतर नवरात्र, मग लग्नं, मग संक्रांतीचं हळदीकुंकू. चपलेचं वर्ष आठ महिन्यांचं होतं.

जागेचं बोलायचं तर ठुशीचा सगळा कच्चा माल आमच्याकडे बिस्किटांच्या तीन पत्र्याच्या डब्यांत मावतो. चपलांच्या वेळी आतल्या खोलीचा पलंग उभा करून ठेवला होता आणि पाहुणे आले की कातड्याच्या वासाचा खुलासा करावा लागायचा. मला तो वास आवडायचा. अजून आवडतो.

तरीही चपला करायला निघालेल्या कोणाला मी मोडता घालणार नाही. घरातच आरी आणि कातडं कापायची रापी धरणारा माणूस असेल, दाराशी गिऱ्हाईक येऊन बाकड्यावर बसून पाय पुढे करू शकत असेल, तर चपलाच करा, ठुशीच्या मागे लागू नका. पार्सलवर धंदा उभा करायचा असेल आणि घर आमच्यासारखं वरच्या मजल्यावर असेल, तर मी पहिले दहा-पंधरा हजार मणी, रेशीम आणि गोंड्यात घालीन. उधारी मात्र दोन्हींत देऊ नका, भाऊबंदांना तर मुळीच नाही.

आमच्या माळ्यावर परत आलेले पाच जोड अजून आहेत. दोन दहा नंबरचे, एक सहाचा, दोन बायकांचे चार नंबरचे. दर पावसाळ्यानंतर खाली काढतो, तेल लावून परत वर ठेवतो. कोणाला हवे असतील तर मामांना दिलेल्या किमतीत देतो. फक्त फोटो पाठवू नका, पाय घेऊन या.