ब्रेन मॅपिंग करून दारूचं व्यसन ‘मोजून’ देणारं अंधेरीतलं सेंटर – अनुभव आणि मत

मत आधीच सांगते. रेकॉर्डिंग नीट करतात, माणसं चांगली आहेत, पण ज्या कामासाठी आपण पैसे देतो ते काम ही टेस्ट करत नाही. पाचपैकी अडीच स्टार. सेंटर अंधेरी वेस्टला आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला बोलायचंय ते टेस्टबद्दल.

माझा मोठा भाऊ रोज रात्री एक क्वार्टर घेतो, कधी जास्त. विषय काढला की ‘मला व्यसन बिसन नाही, मनात आणलं तर उद्या सोडेन’. वहिनीला मोबाईलवर या सेंटरची जाहिरात दिसली, मेंदू खोटं बोलत नाही वगैरे, आणि दादाही चक्क हो म्हणाला, म्हणे मशीननेच काय ते सांगू दे. तो स्वतःहून तयार झाला म्हणून आम्ही फीचा फार विचार केला नाही, साडेसात हजार.

आईला मात्र ब्रेन मॅपिंग म्हटल्यावर कलिनाची फॉरेन्सिक लॅब आणि पोलीसच आठवले, कारण बातम्यांमध्ये हा शब्द तिथूनच येतो. तर तसलं काही नाहीये. आणि आरोपीवरसुद्धा त्याच्या मर्जीविरुद्ध ती टेस्ट करता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय.

टेस्टचं सांगते. आदल्या दिवशी शॅम्पू करून यायचं, डोक्याला तेल अजिबात नको. टोपीसारखं काहीतरी घालतात, त्यात १९ इलेक्ट्रोड, प्रत्येकाखाली जेल. शरीरात करंट वगैरे सोडत नाहीत, मेंदूतून येणारे बारीक सिग्नल फक्त टिपतात, म्हणजे इईजीच, जर्मनीत हान्स बर्गरने १९२४ मध्ये माणसावर पहिल्यांदा केला तोच, फक्त आता कॉम्प्युटर त्याचे रंगीत नकाशे काढतो. आधी डोळे मिटून बसायचं, मग उघडे ठेवून, मग कानाला हेडफोन लावून बीप ऐकायचे, बहुतेक एकसारखे आणि मधूनच एखादा वेगळा, तो आला की बटण दाबायचं. वेगळा आवाज आल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लाट उठते, तिला पी३०० म्हणतात. टेक्निशियन मुलगी फार शांतपणे समजावत होती, दादा दात आवळून बसला होता तर म्हणाली जबडा सैल सोडा, स्नायूंचे सिग्नल मिसळले तर रेकॉर्डिंग खराब होतं. तिच्या कामाला पाचपैकी पाच.

मग रिपोर्ट. पानंच्या पानं लाल-निळी डोकी आणि शेवटी ठळक अक्षरात लिहिलेलं, अल्कोहोल डिपेन्डन्सची शक्यता हाय. कारणं दोन, बीटा लहरी (मेंदूच्या जलद लहरी) जास्त आणि पी३०० छोटी.

आता हे दोन्ही मुद्दे हवेतले नाहीत. दारूचं व्यसन असलेल्या लोकांच्या गटात बीटा जास्त आणि पी३०० कमी दिसते हे खरंच संशोधनात आलंय. पण १९८४ मध्ये अमेरिकेत हेन्री बेगलायटर यांच्या टीमने ७ ते १३ वर्षांच्या मुलांवर हीच लाट मोजली, ज्यांचे वडील दारूच्या आहारी गेलेले पण मुलांनी स्वतः कधी थेंबही घेतला नव्हता, आणि त्या मुलांमध्येही ती छोटी निघाली! म्हणजे ही लाट छोटी असणं हा तुमच्या पिण्याचा पुरावा नाही, घराण्यातून आलेला धोका असू शकतो. वर एडीएचडीमध्ये (लक्ष टिकत नाही, चंचलता असते तो विकार) छोटी, स्किझोफ्रेनियामध्येही छोटी. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेतही अशा कुटुंबांवर काम झालंय. हे सगळं गटांच्या सरासरीचं आहे, समोर बसलेल्या एका माणसावर शिक्का मारायला ते पुरत नाही, आणि रिपोर्टमध्ये याबद्दल एक ओळ नाही.

बीटाचं तर त्याहून वाईट वाटलं. दादा झोपेसाठी लोराझेपामची गोळी घेतो. या जातीच्या गोळ्यांनी इईजीत बीटा वाढते. फॉर्मवर नाव, वय, मोबाईल, रेफर कोणी केलं, सगळं विचारलंय, चालू औषधं कुठली हे नाही. मग ती लाल डोकी दारूमुळे की गोळीमुळे की आणखी कशामुळे, कोण सांगणार?

आणि मला सगळ्यात जास्त राग आला तो पुढचा भाग. तिथल्या काउन्सेलरने रिपोर्ट हातात देऊन सांगितलं, आजपासून पूर्ण बंद करा. रोज पिणाऱ्या माणसाने एकदम थांबवलं तर पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम, ताप, थरथर, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स, आणि त्यात माणूस जाऊ शकतो. हे सांगायला ब्रेन मॅप लागत नाही, पण सांगायला तर हवं ना.

सुदैवाने आम्ही दुसऱ्याच दिवशी म्युनिसिपल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढला. लाइन मोठी होती पण डॉक्टरांनी वेळ दिला. रिपोर्ट चाळून बाजूला ठेवला आणि ‘ऑडिट’ नावाची डब्ल्यूएचओची १० प्रश्नांची यादी घेतली. किती पिता, सकाळी उठल्यावर लागते का, रात्रीचं आठवत नाही असं होतं का, घरच्यांनी कधी काळजी बोलून दाखवली का. ४० पैकी ८ किंवा जास्त आले की पिणं धोक्याचं, २० किंवा जास्त आले की बहुधा डिपेन्डन्स, म्हणजे व्यसन. क्वार्टरचा हिशोब पण करून दाखवला, १८० मिली व्हिस्कीत साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे या यादीप्रमाणे सहा ड्रिंक, रोज! मशीनशी भांडणारा दादा (‘चुकलं असेल सॉफ्टवेअर’ हेच चाललं होतं त्याचं) इथे स्वतःच्या तोंडाने उत्तरं देत होता त्यामुळे वाद घालायला काही उरलंच नाही, आकडा २० च्या वर गेला. मग आधी फिट आली होती का विचारलं, जीजीटी आणि एमसीव्ही या दारूचा परिणाम बघायच्या रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, व्हिटॅमिन बी१ ची इंजेक्शनं सुरू केली आणि थांबवायचं कसं, कुठल्या गोळ्यांच्या आधाराने, कोणी रात्री सोबत राहायचं, ते सगळं कागदावर दिलं.

म्हणजे इईजी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. फिट आली असेल तर डॉक्टर तो स्वतःच सांगतील, आणि सरकारी हॉस्पिटलात तो या रकमेच्या मानाने फारच स्वस्त पडतो. संशोधन पण चालू राहिलंच पाहिजे.

तरीही कोणी अशा सेंटरला जाणारच असेल तर पैसे भरायच्या आधी विचारा, रिपोर्टवर सही मानसोपचारतज्ज्ञाची असते की नुसती सॉफ्टवेअरची प्रिंट, आणि मूळ रेकॉर्डिंगची फाइल मागून घ्या, आम्हाला मागितल्यावर दिली. घरात सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६, फोन फुकट. आणि ओपीडीला जाताना पेशंटच्या चालू गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत टाका, डॉक्टरांनी पहिलं तेच मागितलं.