ग्रॅव्हिस पीसी गेमपॅड: गोव्याच्या दमट हवेत जॉयस्टिकपेक्षा खात्रीचा

जुने डॉस (विंडोजच्या आधीची पीसीची प्रणाली) गेम खऱ्या जुन्या कंट्रोलरवर खेळायचे असतील, तर गोव्यात जॉयस्टिकच्या आधी ग्रॅव्हिस कंपनीचा १९९१ सालचा पीसी गेमपॅड बघावा. कारण आपली हवा.

आयबीएम पीसीचा गेम पोर्ट, म्हणजे जॉयस्टिक जोडायची खाच, जॉयस्टिकमधला रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वेळेत मोजतो: शून्य ओहमला सुमारे २४ मायक्रोसेकंद, १०० किलोओहमला सुमारे १,१२४. मिरामार-कळंगुटच्या खाऱ्या वाऱ्यात पोटेन्शिओमीटरची (काठी हलली की रेझिस्टन्स बदलणारा भाग) कार्बनपट्टी खराब झाली, की काठी मध्यावर असूनही आकडा नाचतो आणि विमान आपोआप कलंडतं. गेमपॅडात पोटेन्शिओमीटरच नाही. दिशेचं बटण दाबलं की त्या अक्षाचं टोक, सोडलं की मध्य, एवढ्या तीनच स्थिती. त्यामुळे उड्या मारण्याच्या आणि मारामारीच्या गेमांना हा फार छान. विमानाच्या गेमांना मात्र निरुपयोगी, तिथे हळूहळू वळवावं लागतं.

बटणं चार. दोन बटणांच्या मोडमध्ये उरलेली दोन टर्बो होतात, म्हणजे दाबून धरली की आपोआप भराभर दाबल्यासारखी चालतात. चारही वेगळी वापरली तर दुसऱ्या जॉयस्टिकच्या लाइनी जातात, म्हणून तेव्हा दुसरा खेळाडू जोडता येत नाही. डावखुऱ्यांसाठी खटका आहे, तो फिरवला की पॅड उलटा धरून खेळता येतं. दिशापॅडच्या मधोमध बसणारी छोटी काठी बहुतेक वेळा हरवलेली असते, तिच्यावाचून काही अडत नाही. खरी उणीव दिशापॅडचीच: सरळ उजवीकडे दाबताना अंगठा जरा घसरला की तिरकी दिशा लागते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा भंगारात असा पॅड सापडला तर आधी प्लग बघा. १५ पिना, ८ आणि ७ अशा दोन ओळींत हव्यात. तीन ओळी म्हणजे मॉनिटरची केबल. गोल छोटा प्लग असेल तर तो मॅकचा पॅड. नावात ‘प्रो’ असेल तर तो पुढचा गेमपॅड, त्याच्या डिजिटल मोडला वेगळा ड्रायव्हर लागतो.

बटण जोरात दाबल्याशिवाय लागत नसेल तर पॅड उघडून रबराचे काळे ठिपके आणि बोर्डवरचे कार्बनचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. सँडपेपर अजिबात नको, कार्बनच निघून जातो. एकच दिशा मेली आणि सफाईनेही सुधारली नाही, तर केबल आत शिरते तिथे तार तुटली असण्याचा संभव मोठा. प्रत्येक तार मल्टिमीटरच्या बीपवर तपासा, तुटका भाग कापून पुन्हा सोल्डर करा.

विंडोज व्हिस्टापासून गेम पोर्टचा आधार गेला, त्यामुळे आताच्या मशीनला यूएसबी अडॅप्टर लागतो. कॅलिब्रेट करताना, म्हणजे मशीनला पॅडची टोकं आणि मध्य ओळखायला लावताना, चारही कोपरे दाबा. डॉसमध्ये गेम सुरू होताना अंगठा पॅडवर ठेवू नका. बरेच गेम त्याच क्षणी मध्य ठरवतात, मग खेळाडू सारखा एकीकडेच पळत सुटतो.

जून लागण्याआधी पॅड हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते नवीन घाला.